धबधब्याखालचं भांडण

धबधब्याच्या पाण्यामागे एक गुहा आहे आणि त्या गुहेत उभं राहून यायचं, एवढ्यासाठी आम्ही पाच जण रविवारी सकाळी निघालो होतो. निदान मला तरी एवढंच सांगितलं होतं. सुतारकामाचा आमचा कारखाना. मालक माझा मोठा भाऊ, मी त्याची धाकटी बहीण. आदल्या आठवड्यात तो एकाएकी म्हणाला, "सगळे मिळून सहलीला जाऊ. इतकी वर्षं नुसता भुसाच खाल्लाय आपण!" तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. सुट्टी म्हटलं की तोंड वाकडं करणारा माणूस हा!

कपाटं पोचवायच्या टेम्पोतून आम्ही गेलो. दादा, वहिनी, मी, पॉलिशवाला लंबू आणि मामा. मामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ. वडील गेल्यावर दादाच्या हातात पहिल्यांदा रंधा दिला तो त्यांनीच. मलाही पॉलिशचा बोळा कसा धरायचा ते त्यांनीच शिकवलं. एक गुडघा कायमचा दुखरा, जीभ मात्र ठणठणीत.

रस्ता संपला तिथे टेम्पो लावून आम्ही ओढ्याच्या काठाने चढू लागलो. झाडी इतकी दाट होती की ऊन चाळणीतून गाळल्यासारखं खाली पडत होतं. पाचोळ्याखाली ओल, दगडांवर शेवाळ, आणि पलीकडच्या खोलीत यंत्र चालू असावं तसा धबधब्याचा दबका आवाज. पुढे उभा कातळ आडवा आला. दादाने वर चढून कपाटं बांधायचा दोर झाडाला बांधला आणि एकेकाला वर घेतलं. मध्येच लंबूचा पाय सटकला! तो दोराला लोंबकळत राहिला.

"अरे, लांबी जास्त झाली की असंच होतं," मामा खालून ओरडले. "थोडा कापून घ्यायला हवा याला!"

आम्ही पोट धरून हसलो. त्या दिवसातलं तेवढंच हसणं.

उतरताना लागेल म्हणून दोर तिथेच ठेवला. वरच्या मोकळ्या खडकावर आलो आणि समोर धबधबा! पांढरं पाणी काळ्या कड्यावरून सरळ खाली कोसळत होतं. आमच्या आणि त्याच्यामध्ये फक्त ओढ्याचं रुंद पात्र उरलं होतं. ठिकठिकाणी खडक, मध्ये गुडघाभर पाणी. आधी खाऊन घेऊ म्हणून आम्ही पाव आणि उकडलेली अंडी काढली. मामा गुडघा चोळत होते.

"आता काय मामा, पुढच्या महिन्यापासून गुडघ्याला आरामच आराम," वहिनी सहज बोलून गेली.

"का? पुढच्या महिन्यात काय आहे?" मामांनी विचारलं.

वहिनीने जीभ चावली. दादाचा चेहरा पडला.

"मी इथेच सांगणार होतो," तो म्हणाला. "गुहेत पोचल्यावर, सगळ्यांना एकदम. कारखाना बंद करतोय. जागेचं बोलणं झालंय. गोदाम होणार तिथे. तयार फर्निचर दारात येऊन पडतंय, आपल्याकडे कोण येतंय?"

मी हातातला पाव फेकून दिला. "आणि हे सांगायला सहल? आम्ही काय लहान मुलं आहोत, रडू नये म्हणून जत्रेत न्यायला?"

"आवाज खाली कर."

"नाही करणार! मामांना तरी आधी विचारायचंस!"

"मालक मी आहे!" दादा गरजला. "रात्र रात्र झोप नसते, ती मला!"

लंबू मान खाली घालून बसला होता. मामा उठले आणि लंगडत थेट पाण्यात उतरले.

"मामा, कुठे निघालात?"

"गुहा बघायला. त्यासाठीच आणलंय ना?" त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

ते पात्राच्या मधल्या मोठ्या खडकावर चढले आणि तिथे टेकले. गुडघ्याने दगा दिला असावा. मी दादाला आणखी चार शब्द सुनावणार, इतक्यात माझं लक्ष पाण्याकडे गेलं. मघाशी काचेसारखं दिसणारं पाणी गढूळ झालं होतं. काटक्या वाहून येत होत्या. वर डोंगरात कुठेतरी पाऊस कोसळला होता!

"मामा, मागे फिरा!"

धबधब्याच्या आवाजात त्यांना ऐकूच गेलं नाही. बघता बघता अलीकडचे दगड बुडाले. मामा उठून उभे राहिले, तेव्हा पाणी त्यांच्या घोट्याला लागलं होतं.

"लंबू, दोर!" दादा ओरडला.

लंबू वाऱ्यासारखा धावला. दोर आला. दादाने एक टोक कमरेला बांधलं. दुसऱ्या टोकाचा आम्ही झाडाला वेढा दिला. मी, लंबू, मागे वहिनी. दादा पाण्यात शिरला. मांड्या बुडाल्या. कंबर बुडाली. एक ओंडका त्याच्या खांद्याला घासून गेला! तो बुडाला, वर आला, पुन्हा बुडाला. शेवटी त्याने खडक धरला आणि हात पुढे केला.

आणि मामा मागे सरकले!

"हात नको तुझा!" त्यांचा आवाज तेवढ्या गदारोळातही काठापर्यंत आला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आता या दोघांचाही राग आला मला! सगळा जीव एकवटून मी ओरडले, "मामा! भांडायचंय ना? मग इकडे येऊन भांडा! बुडून कसले भांडताय?"

ऐकलं की नाही, देव जाणे. पण मामा खाली वाकले. दादाचा हात त्यांनी धरला नाहीच. त्याची कॉलर पकडली, आणि दोघे पाण्यात पडले.

दोराला हिसका बसला. माझे तळवे पेटले! "ओढ! सोडू नकोस!" लंबू ओरडत होता. वहिनी रडत रडत ओढत होती. प्रवाहाने त्या दोघांना खाली नेलं, दोर ताणला आणि ते गोल फिरत काठाला आदळले. लंबूने मामांची बखोट धरली, मी दादाचे केस. हाताला लागलं ते धरलं!

पुढचा काही वेळ नुसते खोकण्याचे आवाज. खडक धरताना दादाच्या तळहातांची सालटी निघाली होती. मामांनी स्वतःचा ओला रुमाल फाडला आणि त्याचे दोन्ही हात बांधले. जरा जास्तच करकचून.

"मामा, दुखतंय."

"दुखू दे."

गुहेचं नाव कुणी काढलं नाही. कातळ उतरलो, टेम्पोपाशी आलो. मी दादापुढे हात केला. "किल्ली दे. या हातांनी तू चालवणार नाहीस." त्याने निमूट दिली. गिअर टाकताना माझेही तळवे ठणकत होते. त्याला धरून हलवावंसं वाटत होतं, आणि सारखं आरशात बघून तो आहे ना याची खात्रीही करावीशी वाटत होती.

बऱ्याच वेळाने मागून दादा पुटपुटला, "गुहा राहिलीच."

"राहू दे," मामा म्हणाले. "यंत्रं दिलीस का कुणाला?"

"अजून नाही."

"जागेचा शब्द?"

दादा म्हणाला, "उद्या देणार होतो."

"उद्या मी नेहमीसारखा कामावर येणार," मामा म्हणाले. "आधी माझ्याशी बोल. मग ज्याला द्यायचा त्याला शब्द दे."

"मी पण असणार," मी पुढून ओरडले.

"आवाज खाली कर," दादा म्हणाला, आणि जरा थांबून, "ये."