जेवलीस का?

मी रोज संध्याकाळी देवापुढे बसते. त्या पाटावर बसून खोटं बोलायची माझी हिंमत होत नाही. म्हणून हे तिथेच बसून लिहितेय.

ऐकीव गोष्ट नाही ही. माझ्या बाबतीत घडली आहे.

तेव्हा मी परदेशात शिकत होते. हिवाळा नुकताच सुरू झाला होता. दुपारी चारलाच अंधार पडायचा.

ज्या घरात हे घडलं, ते कपडे धुण्याच्या दुकानावर होतं. दोन खोल्या आणि मध्ये स्वयंपाकघर. घर ताईने शोधलं होतं.

ताई म्हणजे माझी मावसबहीण. शाळेत माझ्या वेण्या तीच घालायची. ती माझ्या आधी तिकडे गेली, आणि घरच्यांच्या मागे लागून तिने मलाही बोलावून घेतलं. आईचं मन होत नव्हतं.

"मी आहे ना मावशी," ताई फोनवर म्हणाली होती. "डोळ्यात तेल घालून सांभाळेन तिला."

विमानतळावर मी तिला ओळखलंच नाही. गाल बसलेले. मनगटं काडीसारखी.

"अगं, काय ही दशा?"

"इथलं अन्न अंगी लागत नाही," एवढंच म्हणाली.

तिने मला स्वयंपाकघराला लागून असलेली मोठी खोली दिली. स्वतः मागच्या अडगळीत झोपायला गेली. मला किती भरून आलं होतं.

"अगरबत्ती मात्र लावू नकोस हं, छोटी," ती म्हणाली. "छताला धुराची घंटा आहे. तुझ्या देवाच्या आधी बंब पोचेल."

म्हणून मी सेलवरचा दिवा ठेवला. देव सांभाळून घेतो.

माझा लहानपणापासूनचा नेम आहे. संध्याकाळी दिवा लावला की जप पूर्ण होईपर्यंत बोलायचं नाही. कुणी कितीही हाक मारली तरी नाही. ताईला हे माहीत होतं, पण बहुतेक विसरली होती.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. मी डोळे मिटून जप करत होते.

स्वयंपाकघरात नळ सुरू झाला...

बंद झाला.

मग दाराशी कुणीतरी विचारलं, "जेवलीस का?"

बाईचा आवाज. मऊ. आपल्या भाषेतला. दिवसभर इंग्रजी ऐकून कान शिणलेले असायचे माझे. त्या दोन शब्दांनी डोळ्यांत पाणीच आलं. ताई लवकर आली वाटतं, असं समजून मी हातानेच 'थांब' अशी खूण केली आणि जप चालू ठेवला.

बाहेर आले तर घरात कुणी नव्हतं.

ओट्यावर एक ताट होतं. धुतलेलं, ओलं.

ताई नंतर आली. मी विचारलं, "मघाशी येऊन गेलीस का?"

तिने ओट्यावरच्या ताटाकडे बघितलं. "हो. मीच होते. उत्तर का नाही दिलंस?"

"जपाला बसले होते."

"उद्या दे," ती म्हणाली. "कुणी प्रेमानं विचारलं तर 'हो' म्हणावं गं."

मग हे रोजचंच झालं. दिवा लावला की नळ... आणि तो प्रश्न. माझं मौन. ताई आली की पहिलं वाक्य ठरलेलं. "आज बोललीस?"

मला वाटायचं, माझी किती काळजी करते.

एक गोष्ट खटकायची. अंधार पडला की, ते 'आज बोललीस?' सोडलं तर, ताई घरात मराठी बोलायचीच नाही. "सवय गेली," म्हणायची. कानात कायम गाणी. आणि दोन माणसांचं जेवायची, तरी दिवसेंदिवस वाळत चालली होती.

त्या संध्याकाळी पाऊस होता. मी खिडकीशी बसून माळ ओढत होते. खाली रस्त्यावर ताई दिसली. छत्री मिटून दुकानाच्या पायरीवर उभी.

आणि त्याच वेळी... माझ्या पाठीमागे...

"जेवलीस का?"

माळ हातातच थांबली.

ताई खाली होती. मी तिला बघत होते.

जिन्यावर पावलं वाजली. ताई आत आली. मला वाटलं, आता ती मला धरून बाहेर काढेल.

ती माझ्या दारात उभी राहिली. पण माझ्याशी बोलली नाही.

"ही आहे ना आता," ती स्वयंपाकघराकडे बघून म्हणाली. "माझी पाठ सोड. हिला विचार. ही कुणाला नाही म्हणत नाही."



ती माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. माझी हनुवटी धरली. "छोटी, एकदा 'हो' म्हण. तुझं काय जातंय? मी इथे एकटी होते गं. पहिला हिवाळा. कुणीतरी आपल्या भाषेत विचारलं, मी आनंदानं रडले. 'हो, जेवले' म्हटलं. तेव्हापासून माझं सगळं तीच खाते. मी कितीही खाल्लं तरी पोट रिकामं. दुसरं कुणी 'हो' म्हटलं तरच सुटेन मी."

मी मान हलवली. नाही.

"वेण्या घालायचे तुझ्या," ती म्हणाली. "विसरलीस?"

खोलीत गारवा आला. आवाज आता दारात नव्हता. आम्हा दोघींच्या मधोमध होता.

"जेवलीस का?"

माझे ओठ मिटलेले होते. मनात नाम चालू होतं. ताईने माझ्याकडे बघितलं, खूप वेळ बघितलं. मग डोळे पुसून खाली बघत म्हणाली, "हो... जेवले."

सकाळी मी बॅग उचलली. माझ्या वर्गातल्या मुलींनी मला ठेवून घेतलं. शिक्षण पूर्ण केलं आणि परत आले. ताई तिकडेच राहिली. मी निघताना तिने एकच वाक्य ऐकवलं होतं. "तुझ्या भरवशावर होते मी."

म्हणजे तिच्या लेखी फसवलं कुणी, तर मीच.

मी कुणाला सांगितलं नव्हतं असं नाही. आईला सांगितलं. ती म्हणाली, थंडीनं भास होतात.

आता गेल्या महिन्यातलं.

ताईच्या आईकडे, माझ्या मावशीकडे गेले होते. ती एकटी राहते. मला बघून उठली, तेव्हा तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या.

"ताई आता छान आहे गं," तिने फोटो दाखवला. ताईचे गाल भरलेले. हसत होती.

"फोन येतो का?"

"हल्ली नाही येत. कामात असेल." मावशीने फोटो बाजूला ठेवला. "शेवटचा व्हिडिओ कॉल केला, तेव्हा तिच्यासोबत कुणी मैत्रीण होती. पाठमोरी. ताईनंच फोन तिच्याकडे फिरवला. ती मैत्रीण मला म्हणाली, जेवलीस का? इतकं घरच्यासारखं विचारलंन की..."

"तू काय म्हणालीस मावशी?"

"काय म्हणणार? हो म्हटलं."

मला बसवेना.

आत स्वयंपाकघरात नळ सुरू झाला...

बंद झाला.

दारातला पडदा हलला, आणि माझ्या कानाशी तोच मऊ आवाज आला. तेच दोन शब्द. मावशी माझ्या समोर होती. तिचे ओठ मिटलेले होते.

ती वळलीसुद्धा नाही.

"तिला नको विचारूस," मावशी हळूच म्हणाली. "मला विचार."

आणि तिने टेबलावरचं रिकामं ताट स्वतःकडे ओढून घेतलं.

तेव्हापासून मी मावशीसाठी वेगळी माळ ओढते. त्यात ताईचं नाव घ्यावं की नाही, ते अजून ठरत नाही.