उडीद गल्ली निळी कशी झाली

उडीद गल्ली वाचली नाही. तिच्या दक्षिणेला बावीस मजली व्यापारसंकुल उभं राहिलं आणि गल्लीत सावली पडली ती कायमची. पण हे एवढ्यात सांगायचं नव्हतं. तेव्हा असं काही झालेलंच नाही, असं धरून चालू.

तर, सन २०७१. उडीद गल्लीत झकास ऊन पडलं होतं. चौदा घरं, धंदा एकच : पापड. ते वाळायचे गल्लीतच, बाजांवर. "यंत्रात वाळवलेला पापड फुलत नाही, नुसता रुसतो," असं इंदुआत्या म्हणायची. तिची अकरा वर्षांची भाची केतकी पापड उलटत होती, तेवढ्यात नगररचना खात्याचा यंत्रमानव भिंतीवर नकाशा चिकटवायला आला. त्याचं नाव नकाशे.

"पिवळं म्हणजे राहायची जागा, निळं म्हणजे व्यापाराची," तो म्हणाला. "तुमची गल्ली आणि मागचं, दक्षिणेकडचं मैदान निळं झालंय. अभिनंदन."

"अहो, पण आम्ही राहतो इथे!" केतकी म्हणाली.

"नोंदीत तसं नाही. पाहणीच्या दिवशी इथे ना बाज होती, ना पापड, ना माणूस. वापर : शून्य."

आत्याने कपाळावर हात मारला. सरकारी पाहणी येणार म्हणून गल्लीने सगळं आवरून घरात कोंबलं होतं, रांगोळी काढली होती आणि चौदाही घरं दारं लावून आत गप्प बसली होती. चांगलं दिसावं म्हणून.

"रांगोळी तरी दिसली ना रे मेल्या?"

"दिसली. ती मी वाहतुकीची खूण धरली."

"पण दुकानं हवीतच कशाला?" केतकीने विचारलं.

"नुसती घरं असली, तर कामासाठी सगळ्यांना लांब जावं लागतं. नुसती दुकानं असली, तर शटर पडल्यावर तिथे कुत्रंही थांबत नाही. म्हणून भू-वापर नियोजन (कुठल्या जमिनीवर काय चालेल, हे आधी ठरवणं) करतात." नकाशेने पापडांचे रिकामे डबे ओळीत रचले : मोठ्या रस्त्याकडे पाच, मग तीन, गल्लीपाशी एक. "ही उंचीची मर्यादा (इमारत कुठे किती वर जाईल, याचा नियम). बाजार रस्त्यावर वाढतो, उंची आत येताना पायरी-पायरीने उतरते आणि गल्ली गल्लीच राहते. खाली दुकान, वर घर, हा मिश्र वापर."

केतकी डब्यांकडे बघत राहिली. "म्हणजे दोन्ही जमतं! फक्त इथे काय चालतं, ते आधी ठाऊक हवं."

"बरोबर."

"मग असंच करा ना."

"हरकत घ्यायची मुदत काल संपली. मैदानावरची बावीस मजली इमारतही मंजूर झाली, ती आता हलवता येत नाही."

आत्या एकेक पापड गोळा करायला लागली, अजून ओले होते तरी.

"मला वाईट वाटण्याची सोय बसवलेली नाही," नकाशे म्हणाला, "पण जागा ठेवलेली आहे. वीस वर्षांनी आराखडा पुन्हा होईल. तेव्हा पाहणी आली, की सगळा पसारा बाहेर मांडा. भांडणंसुद्धा."

"तेव्हा मी एकतीसची असेन. पाहणीला मीच येईन," केतकी म्हणाली. मग तिने वही काढली.

प्रति, मा. नगररचना अधिकारी.
विषय : सूर्याच्या जागेत फेरबदल करणेबाबत.
महोदय, मंजूर इमारत हलवता येत नसल्याचे समजले. तरी सदर सूर्य पापडांच्या हंगामात, सकाळी नऊ ते दुपारी चार, इमारतीच्या उत्तरेस स्थलांतरित करण्यात यावा, ही नम्र विनंती.
सोबत : उन्हाचा नमुना म्हणून पापड, नग एक.