सहा, अकरा, सोळा

वैदेही आठल्ये आली तीच मेलेले आंब्याचे कलम पिशवीसकट घेऊन. खासगी तपासाची कामे घेणाऱ्या अपूर्वा लिमयेच्या टेबलावर माती सांडली. अपूर्वाचे सोबती रावजी, निवृत्त हवालदार, यांनी आधी आपला चहा उचलला.

"सावर्ड्याच्या गिऱ्हाइकाने परत पाठवलं," वैदेही म्हणाली. "वीस वाफे विकायचे होते. त्यातले सहा, अकरा आणि सोळा नंबरचे मेले. तिन्ही आमच्या रोपवाटिकेतल्या जुन्या धोंडूमामांनी बांधलेले. पुढच्या वर्षापासून येऊ नका म्हटलं, तर त्यांनी कलमाचा चाकू माझ्या हातात ठेवला. काही चुकीचं तर करत नाही ना मी?"

रावजींच्या मते कोडे तिथेच सुटले होते. म्हातारा झाला, हात थरथरला, विषय संपला. पण अपूर्वाने चपला घातल्या, तेव्हा त्यांनाही स्कूटर काढावी लागली.

रोपवाटिका गावाबाहेर होती. धोंडू शेडमागे बसला होता.

"चाळीस वर्सं बांधतोय, बाय. वीस दिसांनी नवा हप्ता, हप्त्याला पाच वाफे. नारळ ठेवून दर हप्त्याचा पयला वाफा माजा, बाकीचे दीपक नि मैना बांधतात."

"जोडावरची पट्टी कोण सोडतं?"

"दीपक. मी तवा फुडच्या हप्त्याच्या काड्या बगत आसतो." त्याने स्वतःच्या बोटांकडे पाहिले. "हात चुकला आसंल माजा."

रावजींना वाईट वाटले, पण मत बदलले नाही. ते बदलले दीपकला पाहून. पोरगा चटपटीत होता आणि धोंडूची जागा त्यालाच मिळणार होती.

"मी का मारू?" दीपक चिडला. "साठ दिवस भरले की ताईंच्या शीटमध्ये ओळ हिरवी होते. हिरवी झाली की पट्टी सोडतो, गाडीत भरतो. मनाचं काही करत नाही."

वैदेहीने लॅपटॉप उघडला. पहिल्या ओळीत 'श्री'. "बाबांची सवय, कोऱ्या पानावर आधी श्री." खाली मथळे, मग एक ते वीस वाफे, बांधल्याच्या तारखांसह. सगळे हिरवे, एक नंबर तेवढा पांढरा.

"हा रंग कुणी लावला?"

"मीच, यज्ञेशने पाठवलेलं सूत्र टाकून. माझा भाऊ, मुंबईला असतो."

अपूर्वाने त्याला फोन लावला. "एकदम सोपं," तो म्हणाला. "माहितीच्या ओळी निवडायच्या आणि सूत्र टाकायचं: आजची तारीख उणे सी-दोन, म्हणजे सी रकान्यातल्या दुसऱ्या ओळीची तारीख, उत्तर साठ किंवा जास्त आलं तर हिरवा. खालच्या ओळींना तो आकडा आपोआप एकेकाने वाढतो. ऑफिसच्या शीटला हेच आहे. ताईला म्हटलं, एक अक्षर बदलू नकोस."

"नाही बदललं," वैदेही म्हणाली.

अपूर्वा हसली. "धोंडूमामांना बोलवा. एक नंबरच्या वाफ्यापाशी जाऊ."

सगळे जमले. रावजी दीपकच्या मागे उभे राहिले, पळालाच तर धरायला.

"कुणी कलमं मारलेली नाहीत," अपूर्वा म्हणाली. "यज्ञेशच्या शीटमध्ये मथळे पहिल्या ओळीत, माहिती दुसरीपासून. म्हणून सी-दोन. वैदेहीच्या शीटमध्ये वर श्री आहे, त्यामुळे माहिती तिसरीपासून. तिने तिसरीपासून ओळी निवडल्या, सूत्र तेच ठेवलं. मग प्रत्येक ओळ स्वतःची तारीख सोडून वरच्या ओळीची पाहू लागली."

"मग सगळेच मरायला हवे होते," रावजी म्हणाले.

"एका हप्त्यातल्या पाचांची तारीख एकच, तिथे बिघडत नाही. पण सहावा वाफा पाचव्याची तारीख पाहतो, म्हणजे मागच्या हप्त्याची. तो साठऐवजी चाळिसाव्या दिवशी हिरवा झाला. अकरा आणि सोळाही तसेच. जोड कच्चा असतानाच पट्टी सुटली. आणि नारळ ठेवून पहिला वाफा बांधायचा मान धोंडूमामांचा, म्हणून दर वेळी तेच सापडले."

"आणि हा एक नंबर?" वैदेहीने विचारले.

"त्याच्या वर मथळा. मथळ्याला कुठली तारीख? तो हिरवा झालाच नाही, म्हणून त्याला कुणी हात लावला नाही. हाही धोंडूमामांनीच बांधलेला. मोजा."

दीपकने मोजले. पन्नासांतली एकोणपन्नास कलमे नव्या पालवीने तरारली होती. धोंडूने एका जोडावरून अंगठा फिरवला आणि त्याचे डोळे भरून आले. वैदेहीला तर कुठे बघावे कळेना.

"आज श्री काढून टाकते," ती म्हणाली.

"श्री राहू द्या. सूत्रात दोनाचे तीन करा."

वैदेहीने पर्समधून चाकू काढला आणि दोन्ही हातांनी धोंडूपुढे धरला. "चुकले, मामा."

धोंडूने धार अंगठ्यावर पाहिली. "रंग बगा, बाय, रंगाला माजी ना नाय. पन पट्टी सोडताना एकदा मला इचारा."