आखूड तुकडे

तो तिला पहिल्यांदा दिसला तो प्रयोगशाळेच्या जिन्याच्या वळणावर. दोन्ही हातांत बर्फाची बादली, आणि दार ढकलायला तिसरा हात नाही. तिनं दार धरलं. तो ओशाळून हसला नि निघून गेला... ती मात्र दिवसभर उगाचच हसत राहिली.

खालच्या मजल्यावर तो अ‍ॅक्टिन नावाचं प्रथिन शुद्ध करायचा. सगळे त्याला 'बर्फवाला' म्हणत. ती वर, सूक्ष्मदर्शकाखाली त्याच अ‍ॅक्टिनचे तंतू वाढताना बघायची. पेशीला आकार येतो तो याच तंतूंमुळे. एखादं प्रथिन अ‍ॅक्टिनचे सुटे कण आणून देतं नि तंतू सरसर वाढतो. दुसरं टोकावर ठाण मांडतं, की वाढ तिथंच थांबते. हाच तिच्या पीएच.डी.चा विषय.

पण तिचे तंतू काही केल्या वाढेनात. नुसते आखूड तुकडे. बैठकीत मार्गदर्शक मॅडमनी कारण विचारलं, तशी ती सगळ्यांदेखत बोलून गेली – अ‍ॅक्टिनच खराब येतंय. तो कोपऱ्यात बसला होता. मान खाली घालून वहीत काहीबाही लिहीत राहिला.

मग तीन आठवडे तो दर दोन दिवसांनी ताजं अ‍ॅक्टिन घेऊन वर यायचा. तुकड्यांचे फोटो बघायचा, दारात रेंगाळायचा, जेवलात का विचारायचा. त्याची नेमणूक पुढे चालू ठेवायची की नाही, यावर मॅडम विचार करताहेत, असंही तिच्या कानावर आलं.

एका सकाळी फ्रीजरमधला डबा आवरताना तिनं नळी उलटी केली. झाकणावर एकच अक्षर होतं, तिच्याच हातचं, घाईतलं. दोन्ही प्रथिनांची नावं त्याच अक्षरानं सुरू होत. पूर्ण नाव नळीच्या अंगावर होतं, ते तिनं कधी वाचलंच नव्हतं. कण पोहोचवणारं म्हणून ती इतके दिवस टोक बंद करणारं प्रथिन घालत होती.

गुपचूप नळी बदलावी, तंतू वाढले की 'या खेपेचं अ‍ॅक्टिन चांगलंय' म्हणावं... असंही क्षणभर मनात आलं, आणि त्याची तिला जास्तच लाज वाटली.

दुपारच्या बैठकीत ती उभी राहिली. चूक माझी होती, त्यांचं अ‍ॅक्टिन पहिल्यापासून चांगलं होतं, एवढंच कसंबसं म्हणाली. मॅडमनी चष्मा काढून पुसला, आणि त्याच्या नेमणुकीच्या कागदावर तिथल्या तिथे सही केली. कुणी तिला रागावलं नाही. तेच तिला सोसेना.

ती खाली गेली. तो बादली धूत होता.

"माफी मागायला आलेय," ती म्हणाली. "तोंड दाखवायला जागा नाही, तरी आले."

त्यानं बादली उपडी ठेवली. मग म्हणाला, "मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. एवढे भरपूर तुकडे, सगळे आखूड... टोकं बंद झाल्याशिवाय असं होत नाही."

"मग बोलला का नाहीत? नोकरी जात होती तुमची."

त्याचे कान लाल झाले. "आधी वाटलं, तुमचं तुम्हालाच सापडावं. नंतर... सांगितलं असतं तर वर यायला निमित्त उरलं नसतं. तीन आठवडे तुमचं काम अडवलं मी. लाज मलाही वाटायला हवी."

तिला रागवायचं होतं. जमलं नाही.

"उद्यापासून निमित्ताशिवाय ये," ती म्हणाली – आणि जीभ चावली. "म्हणजे... या."

"राहू दे ना," तो हळूच म्हणाला. "पहिलंच बरं होतं."