चौथा दोरा

ती गिटार विकायची नाही. हो, तीच, कोपऱ्यातली तपकिरी. हात नका लावू तिला. आणि ते शटर वरच राहू द्या, धूळ आली तर येऊ दे आत.

तुमच्या गिटारच्या दुरुस्तीला तासभर तरी लागेल, तोवर बसा आणि ऐका. हसलात तरी मला राग नाही. शेजारचे शिंपीकाकासुद्धा असल्या गोष्टींना आधी हसायचे. आता दुपारी दोन वाजले की तेही मशीन बंद ठेवतात.

दुकान माझ्या बाबांचं. बघताय ना, नुसता बोळ आहे. खिडकी नाही, मागे दार नाही. यायला-जायला काय ते एक शटर. वर आमचं घर. सोल्डरिंगच्या कामात धूळ चालत नाही, म्हणून बाबा शटर खाली ओढून घ्यायचे, आणि मी हवी असले की हातोडीनं ते वाजवायचे. आधी तीन, मग दोन. ठक ठक ठक... ठक ठक. ते ऐकलं की मी धावत जिना उतरायचे.

तेरा वर्षांपूर्वी एका सकाळी आमचं कडाक्याचं वाजलं. "तुझ्याच्यानं हे काम व्हायचं नाही," असं ते गिऱ्हाइकासमोर म्हणाले आणि माझं डोकंच सणकलं. दुपारी दोनला खालून ठोके आले. मी म्हटलं, ठोकू दे. परत आले. मी रेडिओ मोठा केला. बराच वेळ येत राहिले, मग थांबले. संध्याकाळी खाली गेले तर शटर जाम. लोकांनी पहारीनं उचकटलं. बाबा शटरला टेकून बसलेले, हातात हातोडी तशीच. डॉक्टर म्हणाले, छातीत कळ आली असणार, कोणी वेळेवर आलं असतं तर...

मी सगळ्यांना सांगितलं, माझा डोळा लागला होता. आईलासुद्धा तेच सांगितलं. आई गेली तरी मी तेच सांगत राहिले.

मागच्या वर्षी बाबांचे जुने गिऱ्हाईक, बँडमास्तर, ही गिटार घेऊन आले. बाबा गेले त्या दिवशी त्यांच्या टेबलावर हीच होती. अर्धवट तशीच मास्तरांनी पेटीत घालून ठेवली होती. म्हणाले, "पोरी, बाबांचं राहिलेलं काम तूच पुरं कर. दुसऱ्याच्या हातात द्यायला जीव होत नाही." यावर नाही कसं म्हणणार?

आता या विजेवरच्या गिटारची गंमत ऐका. पोट अर्धं पोकळ, मधोमध लाकडाचा ठोकळा, वरची फळी कमानीसारखी फुगीर. पण उघडायला मागे झाकण नाही! आवाज कमी-जास्त करायचे चार कंट्रोल, स्विच, सॉकेट, सगळं बाहेर जोडून घ्यायचं आणि वरच्या फळीतल्या त्या वाकड्या चिरेतून आत सारायचं. मग ते आपापल्या भोकात बसणार कसं? तर आधी प्रत्येक भोकातून दोरा आत सोडून तो चिरेतून बाहेर काढायचा, कंट्रोलच्या दांडीला बांधायचा, आणि विहिरीतून बादली ओढावी तसा हळूच ओढायचा. दांडी भोकातून वर आली की नट आवळला, झालं काम.

ओढायची टोकं टेबलाच्या खुंटीला बांधायची असतात. मला मेलीला सवय वाईट, मी ती बोटांना गुंडाळते. त्यावरूनही बाबा ओरडायचे, "बोट अडकेल एक दिवस." मी कधी ऐकलंय!

दुपारी दीडला शटर ओढून बसले. चार दोरे डाव्या हाताच्या चार बोटांना बांधले, उजव्या हाताची दोन बोटं चिरेतून आत घातली, कंट्रोलला वाट दाखवायला. पहिला आला. दुसरा आला. तिसराही निमूट वर आला. मी खूश. मनात म्हटलं, बघा बाबा, होतंय की माझ्याच्यानं!

चौथा अडकला. करंगळीचा. जरा ओढला, तर आतून कोणीतरी तो परत ओढला.

छे, वायर अडकली असेल. पुन्हा ओढला. पुन्हा तस्साच, हळूच, आत. आणि लाइट गेली.

पंखा घरघरत थांबला. काळाकुट्ट अंधार. म्हटलं, उठून शटर उघडावं. तर उजवी बोटं चिरेतून निघेनात. सुजली म्हणा, घाबरून फुगली म्हणा, लाकडानं गच्च धरलेली. डाव्या हाताचे दोरे ताठ झालेले, करंगळीत काचत चाललेले. दोन्ही हात गिटारला जखडून मी उभी, कशीबशी शटरपाशी गेले, खांदा लावला. ढिम्म हललं नाही. ओरडावं म्हटलं तर आवाजच फुटेना. बाहेर माणसं जात होती हो, त्यांच्या चपला ऐकू येत होत्या, आणि मी वीतभर अंतरावर, आत.

मग वास आला. निलगिरीच्या तेलाचा. बाबा खांद्याला चोळायचे ते.

आणि माझ्या पोटाशी धरलेल्या गिटारमधून... ठक ठक ठक... ठक ठक.

आधी वाटलं, आतला कंट्रोल हलतोय. म्हणून श्वास रोखून उभी राहिले. ठक ठक ठक... ठक ठक. माझी आत अडकलेली बोटं होती ना, त्यांच्या टोकांना तो ठोका कळत होता. पलीकडे ठोकणारं कोणीतरी अगदी जवळ होतं. हवा कमी झाली होती. मला कळून चुकलं, बाबा असेच इथे उभे होते. याच जागी. आणि वर मी रेडिओ...

"बाबा," मी म्हटलं, "मी झोपले नव्हते... मी ऐकलं होतं... सगळं ऐकलं होतं..."

ठोके थांबले. करंगळीचा दोरा इतका आवळला की रक्त आलं. मी खाली बसले, शटरला टेकून. रडले, भान राहिलं नाही.

किती वेळ गेला देव जाणे. एकदम खडखडाट झाला, शटर वर गेलं, आणि उजेडात शिंपीकाका पहार घेऊन उभे.

"अगं, किती जोरात ठोकतेस! माझी भिंत हादरली. हात मोडून घ्यायचाय का?"

मी नुसते हात पुढे केले. एक दोऱ्यांत, एक चिरेत. काकांनी माझ्या हातांकडे पाहिलं, मग आत, रिकाम्या दुकानाकडे पाहिलं. हळूच म्हणाले, "मग... ठोकत कोण होतं?"

त्यांनीच आपल्या कात्रीनं दोरे कापले. उजवी बोटं मग सहज निघाली, जशी काही अडकलीच नव्हती.

मास्तरांना मी खोटंच सांगितलं, फळी तडकली, आणि माझी चांगली गिटार त्यांना देऊन टाकली. बाबांनी मला सोडवलं हो. मी ऐकलं नाही तरी त्यांनी माझ्यासाठी ठोकलं. मग त्यांना तिथे, गिटारच्या पोटात, ठेवून मी कशी जाऊ? तीनदा सुरी तापवून वरची चिकटवलेली फळी सोडवायला बसले. सुरी टेकवली रे टेकवली, की आतलं ठोकणं बंद. काय समजायचं? बाहेर यायचंय, की मला आत बोलावतायत?

रोज दोन वाजता वाजतं. मी टेबलावर उत्तर वाजवते, तीन आणि दोन. आता कानाडोळा नाही करत.

तीन दोरे मी काढून टाकले. चौथा निघत नाही. काकांनी कापला तेव्हा त्या भोकातून हातभर बाहेर लोंबत होता. मी त्याला शिवतही नाही. बघा आता तुम्हीच, नखाएवढं टोक उरलंय.

आणि ही माझी करंगळी. वर्ष झालं दोरा कापून. वळ अजून ओला आहे.

थांबा, बोलू नका जरा. दोन वाजले.