शनिवारी जुना होणारा ड्रायव्हर

लुगड्यात बांधलेलं गाठोडं त्याने काउंटरवर ठेवलं आणि सुक्या बोंबलांचा वास सुटला. मी मान वर न करताच म्हटलं, "मासे नकोत, पुढे जा."

"मासे नाय, मॅडम... सीपीयू हाय."

आता मात्र वर बघितलं. रापलेला चेहरा, हसू दाबून धरलेले ओठ. जवळच्याच किनाऱ्यावरच्या नवापूरचा धीरज. बापाच्या बोटीवर जायचा. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून घरी बसून गेम खेळायचा. आणि गेम अडकत होता. शत्रू समोर आला की नेमकं चित्र थिजायचं.

ग्राफिक कार्डाकडून काम करून घेणारं सॉफ्टवेअर, म्हणजे त्याचा ड्रायव्हर, दोन वर्षं जुना होता. तिथेच घोडं पेंड खात होतं. मी नवा टाकला, गेम सुरळीत पळू लागला.

"जादू हाय तुमच्या हातात."

"इंटरनेट हाय," मी त्याच्याच सुरात म्हटलं. तो हसला आणि मी उगाचच कीबोर्ड पुसत बसले.

बोईसरला निमेशभाईंच्या या दुकानात मी दोन वर्षं आहे. आई गेल्यापासून घरी पप्पा आणि मी. पप्पांची कंपनीत शिफ्ट, त्यामुळे घरी गेलं की कुलूप मीच काढायचं, दिवा मीच लावायचा. जेवलीस का, असं विचारणारं कोणी उरलं नव्हतं. धीरजने ते दुसऱ्याच शनिवारी विचारलं.

हो, तो परत आला होता. ड्रायव्हर पुन्हा जुना. तिसऱ्या शनिवारीही तेच. मी नोंदी उघडून बघितल्या, तर काय... दर शनिवारी सकाळी कुणीतरी 'रोल बॅक' दाबून जुना ड्रायव्हर परत आणलेला.

माझं डोकंच फिरलं. माझं काम म्हणजे याला पोरखेळ वाटला की काय? नवा ड्रायव्हर कसा टाकायचा ते मी कागदावर लिहिलं आणि पुढे सरकवलं.

"घरी करा. एवढ्यासाठी हेलपाटा नको."

तो कागदाकडे बघत राहिला. "म्हंजे... येऊ नको?"

"कशाला यायचं?"

तो गाठोडं उचलून गेला. पुढचे तीन शनिवार कोणी आलं नाही. रिक्षा थांबली की माझी मान वर व्हायची. एके दुपारी अर्धा डबा तसाच राहिला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ज्याला जुना ड्रायव्हर आणता येतो, त्याला नवा टाकता येत नसेल? म्हणजे तो यायचा ते माझ्यासाठी. आणि मीच त्याला दार दाखवलं होतं.

नारळीपौर्णिमेला अर्धी सुट्टी काढून नवापूर गाठलं. दुपारच्या भरतीला बोटी निघणार होत्या. आज बोलले नाही तर तो आठ-आठ दिवस समुद्रात, मग कुठली मी आणि कुठलं दुकान.

दारात त्याची आई होती. "कोन गो तू?"

"मी भाविका... कंप्युटरच्या दुकानातली."

"तूच काय ती? तुजा कागद देवाच्या फोटोमागं ठेवलाय त्यानी. आमाला हात लावू देत नाय."

धीरज बाहेर आला, हाताला बोटीचा निळा रंग. मी आत जाऊन त्याचं मशीन सुरू केलं. ड्रायव्हर जुनाच.

"टाकला का नाहीस नवा?"

"टाकला असता तर तुजं काम संपलं असतं ना... अडकत अडकत खेळलो."

माझे डोळे भरून आले. "मी चुकले, धीरज. तू येत नाहीस तर करमत नाही मला. घर खायला उठतं."

तो जवळ आला, पण रंगाचे हात मागेच धरून. "माजा जीव पयल्या दिवसापासून तुज्यात हाय. पन आट दिवस पानी, एक दिवस किनारा... असा मानूस चालंल तुला?"

"चालेल."

"मग टाक आता नवा."

मी मशीन बंद केलं. "नाही टाकत. परत आलास की घेऊन ये दुकानात. शनिवार नसला तरी चालेल."

बोटी दिसेनाशा होईपर्यंत मी त्याच्या आईशेजारी उभी होते. घरी येऊन कुलूप काढलं, दिवा लावला. फोनवर त्याचा मेसेज होता, रेंज जायच्या आधी पाठवलेला. 'जेवलीस का?'

एकटीच होते. तरी ताट वाढून घेतलं.