सहाव्या व्हर्जनची तेवीस माणसं

"ज्यानं कोनं हे अ‍ॅप बनवलं ना, त्यानं जिंदगीत कधी बसची वाट पाह्यली नसंल."

शेजारच्या सीटवरचा माणूस हे कुणाला उद्देशून बोलला नव्हता. हातातला जुना फोन तो थर्मामीटर झटकावा तसा झटकत होता आणि स्वतःशीच पुटपुटत होता. वारासिवनीहून बालाघाटला निघालेली गाडी वैनगंगेच्या पुलाअलीकडे एका नादुरुस्त ट्रकमागे अडकली होती. खिडकीशी बसलेल्या संघमित्रानं ते डोळे मिटूनच ऐकलं. त्या दिवशी तिनं स्टँडवर सव्वा तास बसची वाट पाहिली होती. आणि ते अ‍ॅप तिनंच बनवलं होतं.

गप्प बसता आलं असतं. तेहतिसाव्या वर्षापर्यंत तिला गप्प बसायचा चांगला सराव झाला होता… पण थकलेलं माणूस कधीकधी उगाचच बोलतं.

"कितवं व्हर्जन आहे, भाऊ?"

"काय जी?"

"फोनचं. अँड्रॉइड कितवं?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग फोनकडे. मग पुन्हा तिच्याकडे, आणि यावेळी जरा जास्तच वेळ. "सहा."

"मंग नाही चालणार. आमचं… म्हणजे ते, सातच्या पुढं चालते."

"काहून? सहानं काय घोडं मारलं?"

"जुन्या फोनात भरोश्याच्या सर्व्हरची एक यादी राह्यते. ती यादी जुनी झाली. अ‍ॅपचा सर्व्हर नवा आहे. फोन म्हणते, मी याले ओळखत नाही. दारच उघडत नाही."

"मंग ओळख करून द्या ना कोनी."

"देता येते. पण त्याच्यासाठी येगळं लिहा लागते. सहासाठी येगळं, आठसाठी येगळं, तेराचे तं नखरेच येगळे. एकच काम चार-चारदा."

"तुमाले लय माहीत आहे."

"मीच बनवलं ते," संघमित्रा म्हणाली.

त्याचे कान आधी लाल झाले, मग मान. "म्हणजे मी आता जे बोललो… बसची वाट…"

"पाह्यली. आजच. सव्वा तास."

तो हसला तेव्हा आवाज आला नाही, नुसते खांदे हलले. संघमित्राला ते खांदे पुढे कितीतरी दिवस आठवत राहिले. पण हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून तिनं सांगितलं नाही.

त्याचं नाव राजेंद्र. बालाघाटला काली पुतली चौकामागच्या गल्लीत त्याचं फोनदुरुस्तीचं दुकान. हातातला फोन त्याचा नव्हताच. उकव्याच्या एका मावशीचा होता. "पोरानं नवा घेतला, हा मायले देऊन टाकला. तिले बैहरची गाडी कधी येते तेवढंच पाहाचं राह्यते. इकडं फोन मरत नाही मॅडम. हात बदलते फक्त."

ती त्या वाक्यावर अडकली. नागपुरातल्या चार माणसांच्या कंपनीसाठी ती वारासिवनीतल्या घरी बसून काम करायची. 'गाडी कुठं' नावाचं ते अ‍ॅप कुठली खाजगी बस कुठं पोचली ते दाखवायचं. कंपनीत कुणाच्याही खिशात दोन वर्षांपेक्षा जुना फोन नव्हता. आणि बसची वाट बघणारी माणसं मात्र हात बदलून आलेल्या फोनवाली.

"माह्या दुकानात असे लय पडले आहेत," तो उतरता उतरता म्हणाला. "पाहा लागले तं या."

ती गेली. पहिल्या शनिवारी, लॅपटॉप पाठीवर टाकून.

दुकान एवढंसं. पुढे काउंटरवर त्याची आई, आनंदीबाई, रिचार्ज मारायची आणि कव्हरं विकायची. आत टेबलाखाली पत्र्याचा एक मोठा डबा. त्यात लोक दुरुस्तीला टाकून विसरून गेलेले फोन. प्रत्येकाच्या पाठीवर पट्टी आणि पट्टीवर बॉलपेननं नाव. महागू, पाथरी. पुष्पलता, वारासिवनी. चैतराम, मलाजखंड. कुणाची काच तडकलेली, कुणाची बॅटरी अर्ध्या तासाची सोबती.

संघमित्रा एकेक फोन हातात घ्यायची, आपलं अ‍ॅप त्यात टाकायची आणि ते कुठं कोलमडतं ते बघायची. राजेंद्र समोर बसून कुणाचा तरी चार्जिंगचा पॉइंट झाळत असायचा.

"तुमच्या कॉम्प्युटरवर नाही का दिसत हे?" एकदा त्यानं विचारलं.

"दिसते. खोटे फोन चालवता येतात त्याच्यात. पण खोटा फोन गरम होत नाही. त्याची रेंज जात नाही."

"म्हणजे खऱ्याची सर नाही."

"नाही," ती म्हणाली, आणि दोघंही आपापल्या हातातल्या फोनकडे फार लक्ष देऊन बघू लागले.

पहिल्या शनिवारी ती त्याला 'भाऊ' म्हणाली होती. तिसऱ्या शनिवारी तो शब्द गळाला. त्याच्या जागी दुसरा काही आला नाही. तो तिला मॅडम म्हणत राहिला. पण मॅडम या शब्दाचेही प्रकार असतात आणि आनंदीबाईंना ते सगळे ऐकू यायचे. त्या चहा मागवायच्या, दोन ग्लास आत सरकवायच्या आणि रस्त्याकडे तोंड करून बसायच्या.

अ‍ॅप सहावर चालू लागलं. उकव्याच्या मावशीला बैहरची गाडी दिसू लागली. इथं गोष्ट संपायला हवी होती… पण फोनच्या दुनियेत काही संपत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी वरून नवं काही यायचं, सगळ्यांसाठी ते बसवायचं आणि मग सहासाठी सगळं परत उसवून शिवायचं. संघमित्राची मान आखडायची. डोळ्यांखाली काळं आलं होतं. आठवड्यातले तीन दिवस नव्या फोनांना आणि तीन दिवस जुन्यांना. स्वतःला काय, तर शनिवार. तोही कामाच्या नावावर.

कंपनीतला मोहित वयानं तिच्यापेक्षा लहान, पण हिशोबी. त्यानं सुरुवातीलाच ठरवलं होतं, सहाव्या व्हर्जनवरचे लोक वीसच्या खाली गेले की ते बंद. पहिल्या महिन्यात ते एकशेचाळीस होते. मग नव्वद. मग पन्नास. लोकांचे फोन हळूहळू बदलत होते. तसं व्हायलाच हवं होतं. पण गेल्या दिवाळीपासून डॅशबोर्डवर आकडा तेवीसवर येऊन बसला होता. ना वर, ना खाली.

मग एका शुक्रवारी दुपारी मोहितचा फोन आला. "दीदी, ये छह नंबर वाला कब तक ढोएँगे? तेईस लोग हैं, और आपका आधा हफ्ता खा जाते हैं। आज देख के बताओ ना, ये तेईस हैं कौन। बंद हो जाए तो आप नागपुर आ जाओ। नया काम है, यहीं बैठ के करना पड़ेगा।"

"पाह्यते," ती म्हणाली.

पाहायचं काय होतं? तिला माहीत होतं. तेवीसपैकी एकोणीस फोन रोज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांपासून उघडायचे. एकामागून एक, मिनिटाच्या अंतरानं, ओळीनं; बालाघाटातून, एकाच गल्लीतून. सोमवारी एकही नाही. सोमवारी राजेंद्रचं दुकान बंद असतं.

दिवाळीपासून तिला हे माहीत होतं. ती एका शब्दानं बोलली नव्हती. शनिवारी जायची, ग्लासभर चहा प्यायची, डब्यातले फोन हातात घ्यायची. ते दर वेळी चार्ज केलेले असायचे… तिनं कधी विचारलं नाही, का म्हणून.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, ती अकराच्याऐवजी आठच्या गाडीनं निघाली. पौषातली भुरभुर लागली होती. धड पाऊसही नाही, धड धुकंही नाही. तिच्या स्वतःच्या अ‍ॅपनं गाडी पाच मिनिटांवर दाखवली आणि गाडी चक्क पाच मिनिटांत आली. एरवी तिला आनंद झाला असता.

गल्लीत वळली तेव्हा नऊ वाजून सोळा मिनिटं झाली होती. शटर अर्धं वर. आतून आनंदीबाईंचा आवाज आला.

"झालं का चारा-पाणी तुह्या ढोराइचं?"

काउंटरवर एकोणीस फोन ओळीनं मांडलेले. राजेंद्र स्वेटरच्या बाह्या सारून एकेकाला हात लावत पुढे सरकत होता. अ‍ॅप उघडायचा, गाडी दिसेपर्यंत थांबायचा, मग पुढचा. सातव्यावर असताना त्यानं वर पाहिलं.

संघमित्राच्या ओढणीवरून पाणी ठिबकत होतं.

"आज लवकर?" तो म्हणाला.

"हौ."

"ते… बॅटरी फुगू नये म्हणून. चालू ठेवा लागते अधूनमधून."

"आणि अ‍ॅप?"

"तेही पाह्यतो. चालते का."

"रोज?"

"रोज." मग खालच्या आवाजात, "सोमवार सोडून."

"माहीत आहे मले. सोमवार सोडून."

आनंदीबाईंनी रिचार्जचं रजिस्टर उघडलं आणि त्यात काहीही लिहायचं नसताना पेन हातात धरला.

संघमित्रा स्टुलावर बसली. बसल्यावर तिला कळलं की आपण किती थकलो आहोत. पायांना, खांद्यांना, पापण्यांना, सगळ्यांना एकदम आठवलं. "मोहितनं विचारलं, हे तेवीस लोक कोन. वीसच्या खाली गेले तं बंद करते म्हणते. बंद झालं का मले नागपूरले बोलावते."

राजेंद्रनं हातातला फोन खाली ठेवला. "वीसचं तुम्हीच सांगतलं होतं. मांगच्या वर्षी. तवापासून मी…" तो थांबला. "पण माहे एकोणीसच आहेत. आधी एकवीस होते, दोघायच्या बॅटऱ्या गेल्या. बाकी चार तं खरे असतीन ना? उकव्याकडचे?"

"उकव्याची मावशी?"

"तिले दिवाळीत मीच दुसरा फोन देल्ला. नऊ व्हर्जनचा. तिचा हा काय." त्यानं ओळीतल्या पहिल्या फोनवर बोट ठेवलं. बसमध्ये झटकत होता तोच. "तिले बिचारीले नीट दिसत नव्हतं त्याच्यावर… मंग ते चार कोन?"

संघमित्रानं ओढणीचं टोक हातात घेतलं. भुरभुर शटरवर वाजत होती.

"मॅडम?"

"तुमच्या दोन बॅटऱ्या गेल्या ना," ती म्हणाली, "तवा आकडा एकोणीसवर आला. एक कमी पडला. म्हणून मी…" तिनं ओढणीचं टोक पिळलं, पुन्हा पिळलं. "चार माह्या कॉम्प्युटरातले आहेत. खोटे. रोज संध्याकाळी चहा झाला का उघडते."

राजेंद्र तिच्याकडे बघत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. आवाज नाही, नुसते खांदे. तिलाही हसू आलं, पण तिचं हसू मध्येच कुठंतरी ओलं झालं.

"म्हणजे खरा माणूस एकबी नाही?" तो म्हणाला.

"एकबी नाही. दिवाळीपासून."

"आणि तुम्ही तीन-तीन दिवस त्याच्यासाठी घासून राह्यल्या?"

"हौ."

त्याचं हसू विरलं. तिच्या डोळ्यांखालचं काळं त्याला आज पहिल्यांदा दिसलं असं नाही; पण ते कुणामुळे, हे आज दिसलं. तो उठला, कोपऱ्यातला कोरडा पंचा आणून तिच्या हातात दिला आणि परत येऊन बसला. "बंद करा मॅडम. मी तुमाले थकवत राह्यलो आणि मले वाटे, मी तुमाले मदत करून राह्यलो."

तिनं पर्समधून फोन काढला. मोहितला लिहिलं, 'सहावर आता कोणी नाही. बंद कर.' पाठवायच्या आधी तिचा अंगठा जरासा थांबला. मग तिनं पाठवून दिलं.

राजेंद्र एकेक फोन बंद करत गेला. महागूचा, पुष्पलताचा, चैतरामचा. काच काळी होताना प्रत्येक वेळी त्याचा चेहरा त्यात क्षणभर दिसायचा. उकव्याच्या मावशीच्या फोनपाशी येऊन तो थांबला.

"तोबी करा," संघमित्रा म्हणाली.

"हा राहू द्या."

"काहून?"

"असाच." त्यानं तो स्वेटरच्या खिशात टाकला आणि टेबलावरचा स्क्रू-ड्रायव्हर उगाच इकडचा तिकडे ठेवला. "मंग… पुढच्या शनवारी तुमचं काही काम नाही इकडं."

"नाही."

"नागपूर चांगलं आहे. मोठं काम भेटंल. मान दुखणार नाही."

"हौ. चांगलं आहे."

"गाडी कधी येते ते तं तुमाले माहीतच राह्यते."

"माहीत राह्यते."

बाहेर कुणीतरी रिचार्जला आलं. आनंदीबाईंनी हातानंच त्याला थांब म्हटलं. पेन रजिस्टरवर आपटला आणि आज सव्वा वर्षात पहिल्यांदा त्या रस्त्याकडे पाठ करून बसल्या.

"फोन बंद झाले, काम बंद झालं," त्या म्हणाल्या. "मंग ही पोरगी भिजत भिजत आठच्या गाडीनं कायले आली, ते सांगा मले कोनी. मी रोज ढोरं चारताना पाह्यते, मले तेवढं तं कळू द्या."

राजेंद्रचा हात खिशातल्या फोनवर गेला, जणू उत्तर त्यात होतं.

संघमित्रानं पंचा मांडीवर ठेवला, त्याची घडी केली. तिला वाटलं होतं की हे बोलायला अंगात फार बळ लागेल. पण ती इतकी थकली होती की न बोलायला लागणारं बळच उरलं नव्हतं.

"मी फोन तपासाले येतच नव्हती, राजेंद्र," ती म्हणाली. "तुमाले पाहाले येत होती. आणि नागपूरले जाऊन तुमाले न पाहता राहाचं… ते मले जमणार नाही."